जामीन

आमेरला येऊन राहणाऱ्या मराठी माणसाला या गावाची ओळख शाळेच्या पुस्तकातूनच झालेली असते. मिर्झाराजे जयसिंग येथले. 1665 चा पुरंदरचा तह त्यांच्याशी झाला आणि पुढल्याच वर्षी आग्र्यास शिवाजी महाराजांसाठी बादशहाकडे जामीन राहिले ते त्यांचे चिरंजीव, कुंवर रामसिंग. परक्या मुलखात मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही जामीन लागतो, हे मी लहानपणी पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र वयाच्या 55 व्या वर्षी, रामसिंगांच्याच गावी, एका रात्रीत कळला.

महाराष्ट्र शासनाच्या बांधकाम खात्यातून मी 2019 साली स्वेच्छेने निवृत्त झालो. नियत वयाला अजून सहा वर्षे होती, परंतु सेवेची 20 वर्षे कधीच उलटून गेली होती आणि जुन्या वास्तूंचे वेड स्वस्थ बसू देत नव्हते. माझ्या मेव्हणीचे सासर जयपूरचे. तिच्याकडे येता-जाता पन्ना-मीणा कुंडाच्या मागच्या गल्लीतले एक घर भाड्याने मिळाले आणि आम्ही उभयता साताऱ्याहून येथे आलो. सकाळी किल्ल्याकडे चढणारे हत्ती, दुपारी मावठ्याच्या पाण्यावर पडणारी तटाची सावली, संध्याकाळी शिलादेवीच्या देवळातली घंटा. यापेक्षा अधिक काही हवे आहे असे आम्हांस वाटत नव्हते.

पत्नी मात्र अधूनमधून म्हणे, “अहो, इथला पत्ता कागदांवर घालून घ्या ना एकदा.” मी चालढकल करी. खरे सांगायचे तर आधारपत्रावरचा साताऱ्याचा पत्ता पुसायला मन धजत नव्हते. तीन पिढ्यांचे घर त्या एका ओळीत होते. शिवाय आपण निरोगी आहोत, ही निरोगी माणसाची नेहमीची समजूत होतीच.

जानेवारी 2022 मधल्या एका रात्री दोनच्या सुमारास तिने मला हलवून उठवले. छातीत कळ येत होती आणि त्या कडाक्याच्या थंडीतही तिचा चेहरा घामाने भिजला होता. शेजारी लाखेच्या बांगड्यांचे एक दुकानदार राहतात. त्यांनी आपली गाडी काढली. आमेर ते जयपूर हे अंतर सुमारे 11 किलोमीटरचे. घाट उतरला, जलमहाल मागे पडला, जोरावरसिंह दरवाजा आला. त्या दरवाजापाशीच राष्ट्रीय आयुर्वेद संस्था आहे. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी आम्ही दिवसाढवळ्या तेथे कैकदा गेलो होतो. त्या रात्री मी तिच्या बंद फाटकाकडे नुसता पाहत राहिलो.

शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात तिला दाखल केले. डॉक्टरांनी वेळ दवडला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडून आत जाळीची नळी बसवावी लागणार होती. मग खिडकीतल्या मुलाने नम्रपणे विचारले, “जन आधार आहे?”

राजस्थानात मे 2021 पासून चिरंजीवी योजना सुरू झाली होती. सरकारी वैद्यकीय सवलत ज्यांना नाही अशा कोणत्याही रहिवासी कुटुंबाने वर्षाला 850 रुपये भरले, की योजनेतल्या खाजगी रुग्णालयातही लाखो रुपयांचे उपचार विनामूल्य होत. अट एवढीच, की कुटुंबाचे जन आधार पत्र हवे, म्हणजेच राजस्थानचा रहिवास हवा. आमचा रहिवास कागदावर साताऱ्यातच होता. महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना तिकडच्या शिधापत्रिकेची. ती येथे काय कामाची? नोकरीत असताना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळे, ती निवृत्तीबरोबर संपली. निवृत्तीनंतर घेतलेल्या विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी चार वर्षे थांबण्याची अट होती. पत्नीचा रक्तदाब जुना, आणि विम्याचे वर्ष तिसरे! नोकरदार म्हणून आम्ही कुणाचे राहिलो नव्हतो आणि वृद्ध म्हणवून घ्यायला अजून अवकाश होता.

आगाऊ रक्कम भरायची होती आणि माझ्या खात्यात तितके पैसे नव्हते. बांगडीवाले पुढे झाले. त्यांनी आपल्या खात्यातून पैसे भरले आणि अर्जावर हमीदाराच्या जागी सही केली. मी काही बोलू लागलो, तर म्हणाले, “भाईसाहब, पहले भाभीजी.” ते मला पुरती दोन वर्षेही ओळखत नव्हते.

पत्नी बरी झाली. पुढे हा प्रकार मी माझ्या मामेभावाला कळवला. लंडनमधली नोकरी मुदतीआधीच सोडून तो 57 व्या वर्षी स्पेनच्या किनाऱ्यावर राहायला गेला आहे. त्याचे उत्तर वाचून मी थक्क झालो. ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा तिथल्या रहिवाशांसाठी. देश सोडला, तसा त्याचा तिच्यावरचा हक्क गेला. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्याच्या उपचारांचा भार ब्रिटन स्पेनमध्येही उचलते, पण ते वेतन वयाच्या 66 व्या वर्षाआधी सुरू होत नव्हते. प्रवेशपत्रासाठी त्याला खाजगी विमा घ्यावा लागला. स्पेनमध्ये नोंदणीकृत रहिवासाचे एक वर्ष पूर्ण झाल्यावर महिना 60 युरो भरून तिथल्या सार्वजनिक सेवेत शिरण्याची सोय आहे, परंतु त्यात औषधांचे पूर्ण पैसे स्वतःच भरावे लागतात. “वर्ष भरेपर्यंत मी शिंकायलाही भीत होतो,” असे त्याने लिहिले होते. मात्र स्पेनमध्ये पाऊल ठेवताच पहिल्या आठवड्यात नगरपालिकेत जाऊन त्याने आपले नाव नोंदवले होते. त्याच्या जागी मी असतो तर लंडनचा पत्ता कुरवाळीत बसलो असतो.

पत्नी हिंडूफिरू लागल्यावर आम्ही दोघे पत्ता बदलायला गेलो. अर्ज भरताना माझा हात क्षणभर थबकला, हे तिने पाहिले. ती काही बोलली नाही. काही आठवड्यांनी जन आधार पत्र आले. बांगडीवाल्यांचे पैसे मी चार हप्त्यांत फेडले. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी त्यांनी पत्नीसाठी लाखेच्या हिरव्या बांगड्या पाठवल्या आणि त्यांचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

त्या वर्षी पहिल्यांदा 850 रुपये भरले. योजनेचे नाव 2024 साली बदलले, पण हप्त्याची तारीख काही पत्नी विसरत नाही. दरवर्षी साताऱ्याहून मागवलेले कालनिर्णय भिंतीवर लागले, की आधी सणवार पाहायचे सोडून ती त्या तारखेभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढते.