ताशाची काडी

अकरावीपर्यंत घराबाहेर माझा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा घसा कोरडा पडायचा. पाहुणे आले की चहाच्या निमित्ताने मी स्वयंपाकघर गाठायचे. “आमची फार अबोल आहे हो,” असं आई सांगायची आणि ते ऐकून मी आणखीच मिटून जायचे.

२०११ च्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने मला ढोल-ताशा पथकाच्या सरावाला ओढून नेलं. पुण्यात गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून संध्याकाळी नदीपात्र घुमायला लागतं. ढोल कमरेला बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताने थापी. मला तो पेलवेना. दोरी काचून कमरेवर वळ उठले. तरी मी जात राहिले, कारण तिथे कुणी बोलायला लावत नव्हतं. चाळीस ढोल वाजत असताना बोलून कुणाला ऐकू जाणार?

माझ्या कानाचं मला तिथेच कळलं. दमट हवेत ढोलाचं चामड्याचं पान सैल पडतं, आवाज बसतो. वाजवणाऱ्याला ते चटकन उमगत नाही. मला मात्र रांगेमागे उभ्या उभ्या कळायचं. मी मुकाट्याने जाऊन दोरी ताणायला घ्यायचे. ताशावाल्या दादाने हे हेरलं. एके दिवशी त्याने मला पाठमोरं उभं केलं, मुद्दाम एक ढोल उतरवला आणि सगळे एकेक करून वाजवायला लावले. त्या ढोलावर टिपरू पडताच मी हात वर केला. त्याने शाबासकीबिबासकी काही दिली नाही. स्वतःचा ताशा काढून माझ्या गळ्यात अडकवला. “उद्यापासून हा,” एवढंच म्हणाला.

ठेका ढोलांचा असतो, पण कधी सुरू करायचं, कधी हात (म्हणजे वाजवण्याचा प्रकार) बदलायचा, कुठे थांबायचं हे ताशा सांगतो. तर्री म्हणजे काड्यांची अखंड थरथर. काडी आवळून धरली तर तर्री मरते. अंगठा आणि तर्जनीत काडी सैल ठेवायची, तिची तिला उसळू द्यायची आणि मनगटाने नुसतं आवरायचं. रात्री जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर मी तेच करत बसायचे. “दार लावून घे,” बाबा म्हणायचे. पुढे पुढे म्हणेनासे झाले. उलट दाराशी येऊन उभे राहायचे.

अबोल मुलींना ‘बोल गं, बोल’ म्हणून टोचणाऱ्यांचा मला आजही राग येतो. त्या मुली गप्प बसून काय काय टिपताहेत, हे एकदा तरी बघावं त्यांनी.

मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात सरावात लय पळायला लागली. दादा आला नव्हता. मी काड्या वर धरल्या, सगळे थांबले, आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाज निघाला, “मागची रांग पळतेय. पुन्हा, पहिल्या हातापासून!” चाळीस जणांनी निमूटपणे टिपरू उचललं. कुणाला त्यात नवल वाटलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला. लक्ष्मी रस्त्यावर, बेलबाग चौकात वाजवलं ते त्यानंतर. ती धुंदी वेगळी, पण मला मोठा वाटतो तो सरावाचाच दिवस.

दिवाळीनंतर कॉलेजात तोंडी परीक्षा होती. पहिलं कोण येतंय, असं बाईंनी विचारलं. घसा नेहमीसारखाच कोरडा पडला होता. मी उठले आणि आत गेले.