बिनदुधाची कढी

जानेवारीत लेक पुण्याहून घरी आली ती दूध सोडूनच. पहिल्याच जेवणाला तिनं ताकाचं भांडं बाजूला सरकवलं. "आई, ते वासराचं असतं गं." एवढंच म्हणाली, पण मला ते लागलं. सासूबाईंनी विचारलं, "मग कढी कशाची करायची?"

प्रश्न खरा होता. आमच्याकडे ताप असो, परीक्षा असो की पावसाची झड, मुगाची खिचडी आणि कढी ठरलेली. बाकीचं फारसं अडलं नाही. आमच्या नाशिकची मिसळ दह्याची वाटी वगळूनही झणझणीतच लागते. शेवभाजी, भाकरी-ठेचा, एकादशीची भगर आणि शेंगदाण्याची आमटी यांत दूध कधी नव्हतंच. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात घडला. आमची भगर-आमटी त्याच्या कितीतरी आधीची.

कढी आधी नारळाच्या दुधाची करून पाहिली. गोडसर झाली, सोलकढीची आठवण देणारी. लेक मुकाट्यानं जेवली. तिचं ते मुकाट्यानं जेवणं मला सहन झालं नाही.

मग शेंगदाणे घेतले. एक वाटी रात्रभर भिजवले, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळले आणि दूध सतत ढवळत उकळलं, नाहीतर ते बुडाला धरतं. कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरच्यांची सहा-सात देठं टाकली. देठांवरच्या जिवाणूंनी दूध आंबतं. सकाळी पाहिलं तर पाणीच, तेही कडसर. सालं काढायची राहिली होती. शिवाय थंडी अशी, की शेजारच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला. दही लागणार कसं?

दुसऱ्या दिवशी सालं काढली. भांडं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायला सासूबाईंनीच सांगितलं. त्यांच्या माहेरी थंडीत असंच करत. सकाळी दही लागलेलं होतं, सैलसर पण चांगलं आंबट. त्याच दह्याच्या विरजणावर पुढचं अधिक घट्ट लागलं. गाळून उरलेला चोथा थालीपिठात गेला.

या दह्याला बेसन कमी लागतं, शेंगदाण्यानं कढी आपोआप दाटते. बेसन गार दह्यातच घुसळायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. आलं, मिरची, गुळाचा खडा. वरून तेलात जिरं, मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता. फोडणी चुरचुरली आणि घरभर तोच जुना वास पसरला. लेक आतल्या खोलीतून विचारत आली, "कढी केलीस?"

सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली. तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाल्या, "उद्याला विरजण ठेवलंयस ना?"

वरणभातावरच्या तुपाचं मात्र अजून जमलेलं नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल जिऱ्यासोबत कढवून घालते. लेक म्हणते, छान लागतं. मला अजून तुपाचीच आठवण येते.