नवी मोटार आणि चिबडलेलं रान

संपादकांची अट एकच होती : "डॉक्टर, सोपं लिहा." प्रस्तुत लेखक धाराशिवात मूत्रपिंडाचे रुग्ण तपासतो आणि सोपं बोलण्याबद्दल त्याची ख्याती नाही. विषय मात्र एका रुग्णानंच हातात दिला.

हा उमरगा तालुक्यातला शेतकरी. हृदय पार थकलेलं, म्हणून दूरच्या शहरात त्याच्या छातीत पंप बसवला गेला. हा पंप हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो, तेही सलग धारेनं. त्यामुळे शेतकरी गावी परतला तेव्हा कंपाउंडरला नाडीच सापडेना आणि त्याची भंबेरी उडाली. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी २०१० पासून २०१२ मध्ये दात्याचं हृदय मिळेपर्यंत अशाच पंपावर वावरत होते.

मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. पंपानंतर महिन्याभरात आपल्या शेतकऱ्याचं क्रिएटिनिन २.१ वरून १.२ वर उतरलं. घरच्यांनी पेढे वाटले. वर्ष उलटलं तेव्हा आकडा १.७ झाला होता. तो म्हणाला, "साहेब, मोटार तर नवी बसविली, मग खालच्या रानाला पाणी का पुरंना?"

उपमा चुकीची नाही, अर्धी आहे.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून भरतात जेमतेम तीनशे ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांना लागतो. हृदय दुबळं झालं की हा वाटा घटतो, म्हणून मूत्रपिंड बिघडतं, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. पण सोयाबीन पाण्यावाचून वाळतं, तसं चिबडलेल्या रानातही पिवळं पडतं. निचरा झाला नाही तर आलेलं पाणीच पिकाच्या मुळावर उठतं.

इथून लेखकाचा आवडता वाद सुरू होतो आणि घरातली मंडळी एकेक करून उठतात. मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणाऱ्या नीलेत दाब वाढला की लघवी घटते, हे विंटन या शास्त्रज्ञानं १९३१ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं होतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १४५ अत्यवस्थ हृदयरुग्ण अभ्यासले. कोणाचं मूत्रपिंड बिघडणार, याचा अंदाज हृदय किती रक्त ढकलतं यापेक्षा नीलांमध्ये दाब किती तुंबलाय यावरून अधिक नेमका येत होता. इतकं होऊनही चर्चा अजून 'पुरवठा कमी पडला' इथंच अडते, याचा लेखकाला दरवेळी नव्यानं राग येतो.

आता पंपाकडे. तो डाव्या बाजूचं काम उचलतो. शरीरात फिरून परतणारं वाढीव रक्त मात्र उजव्या कप्प्यालाच झेलावं लागतं, आणि तिथं मोटार नसते. उजवी बाजू मुळातच कमजोर असेल तर रक्त पुन्हा नीलांमध्ये तुंबतं आणि मूत्रपिंडाचं रान पुन्हा चिबडतं. पंपाआधी उजवी बाजू कसून तपासतात ती यासाठी. अमेरिकेतल्या पंपरुग्णांच्या राष्ट्रीय नोंदींवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही चित्र हेच होतं : पहिल्या महिन्यात मूत्रपिंडाचं काम ठळक सुधारलं आणि वर्षभरात ती कमाई बरीचशी ओसरली.

शिवाय आकड्याची स्वतःची एक लबाडी असते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. महिनाभर खाटेवर पडून स्नायू झडले की मूत्रपिंड फारसं न सुधारताही आकडा गोंडस दिसतो. माणूस भाकरी खाऊ लागला, शिवारात फिरू लागला, अंगावर मांस चढलं, की तो वाढतो. सिस्टॅटिन-सी या चाचणीवर स्नायूंचा प्रभाव बराच कमी पडतो, म्हणून अशा रुग्णात ती करून पाहावी. या शेतकऱ्याच्या १.७ मध्ये मूत्रपिंडाचा वाटा किती आणि दंडा-मांड्यांचा किती, याचा निकाल नुसत्या क्रिएटिनिनवरून लागत नाही. लेखकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या भेटीत देता आलं नाही, ते यामुळे.

पंपच वाईट, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. हार्टमेट-३ हा आजचा पंप बसवलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांनंतरही हयात होते, असं मोठ्या चाचणीत दिसलं. इम्पेला नावाचा तात्पुरता पंप मांडीच्या धमनीतून हृदयात सरकवतात. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या निवडक रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर उतरले, आणि डायलिसिससारख्या उपचारांची गरज २६.७ वरून ४१.९ टक्क्यांवर चढली. जीव वाचवणारं यंत्र मूत्रपिंडाकडून किंमत वसूल करू शकतं. दोन्ही आकडे नातेवाइकांना एकाच बैठकीत सांगायला हवेत.

आणि अंगात तुंबलेलं पाणी लघवीवाटे उतरवणारी ती 'पाणी काढायची गोळी'! परंड्यापासून उमरग्यापर्यंत ती किडनी खाते, असा समज घट्ट बसलाय. लोक मनानंच ती बंद करतात आणि आठवड्याभरात धाप लागून, पाय सुजून परत येतात. गोळीनं सूज उतरताना क्रिएटिनिन थोडं वाढलं, तर दरवेळी ते नुकसान नसतं. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

पंप असो वा नसो, ज्या घरात हृदय थकलेला माणूस आहे त्या घरानं यंदा दिवाळीच्या फटाक्यांच्या पैशातून एक वजनकाटा आणावा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन दवाखान्यात यावं.