पाइपांना उठाव देताना

बॅगपाइप हे मोठं हट्टी वाद्य. पिशवीत हवा भरून सूर एकदा लागला की तो मधे थांबत नाही आणि लहान-मोठाही होत नाही. एखादा स्वर ठसवायचा तर पाइपर त्याच्याआधी बारीक ग्रेसनोट टाकतो. जोर देणं त्याच्या हातात नसतं. मग बँडमध्ये चढउतार आणायचा कोणी? आम्ही, स्नेअर ड्रमवाल्यांनी. ग्लासगोजवळच्या एका छोट्या बँडमध्ये वाजवताना मला हे काम हळूहळू उमगत गेलं.

पुण्यात बसलेला ताशाचा हात इथे उपयोगी पडतो, तसाच आडवाही येतो. मनगट मोकळं असतं, काड्यांची ओळख असते. पण ताशा ढोलांना आपल्यामागे नेतो, तर इथला स्नेअर धुनेच्या मागोमाग चालतो. शिवाय हा ड्रम काहीच झाकत नाही. पूर्वी त्यावर कातडं असायचं आणि स्कॉटलंडच्या पावसात ते सैल पडायचं. आता वरचं पान केवलारचं, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या धाग्याचं असतं. ते इतकं ताणतात की टेबलावर काडी आपटल्यासारखं लागतं. स्नेअरच्या तारा खालच्या पानाला असतातच, वरच्या पानाखालीही असतात. त्यामुळे प्रत्येक आघात कोरडा, टोकदार आणि उघडा पडतो.

म्हणून खरा रियाज ड्रमवर होत नाही, रबरी पॅडवर होतो. मेट्रोनोम मंद लावायचा आणि रोल घोटायचा. काडी पॅडवर दाबून तिला थरथरू द्यायची; डाव्या हाताची थरथर संपायच्या आत उजव्याची सुरू झाली पाहिजे, आणि दोन्हींची जाडी सारखी हवी. डावा हात हमखास पातळ वाजतो, म्हणून मी सुरुवात त्याच्यापासून करतो. मग स्ट्रॅथस्पे, म्हणजे स्कॉटिश नाचाची एक धून. चार मात्रा: पहिली भक्कम, तिसरी मध्यम, दुसरी-चौथी हलक्या. त्यात एक स्वर लांबवायचा, पुढचा झटकन तोडायचा. काड्या हातात घेण्याआधी मी धून तोंडाने म्हणतो. गळ्यात न बसलेली लय हातात उतरत नाही.

ड्रमचा ठेका धुनेच्या वळणाने लिहायचा, ही वाट ज्यांनी रुंद केली त्यांत शॉट्स अँड डाइकहेड बँडचे अ‍ॅलेक्स डुथार्ट (१९२५-१९८६) यांचं नाव आधी घ्यावं लागतं. आम्ही वाचतो ती लिपी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ड्रमवाल्यांकडून आली. तिच्यात एकच आडवी रेघ असते. रेघेच्या वरचे आघात उजव्या हाताचे, खालचे डाव्याचे. त्यामुळे कागद पाहिला की हात दिसतात.

ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर पाइप बँडची जागतिक स्पर्धा भरते. तिथे दोन परीक्षक पाइप ऐकतात, एक ड्रम ऐकतो आणि चौथा फक्त मेळ तपासतो. सुरुवातीला तीन-तीन पावलांचे दोन रोल होतात आणि त्यांतच रांगेची परीक्षा होऊन जाते. आठ काड्या एका उंचीवरून पडल्या नाहीत तर एकाच आघाताची खरखरीत झड ऐकू येते. पुढे काही ओळी लीड ड्रमर एकटा वाजवतो आणि आम्ही मधेच त्याला मिळतो. मिळायचं हलक्या हाताने, मग ओळीच्या शेवटापर्यंत आवाज चढवत न्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, पाइपच उसळले! पाइपांचा आवाज मात्र होता तेवढाच असतो.

माझ्या मते या कलेचं मर्म एवढंच: आपण घातलेली भर दुसऱ्याच्या नावावर जमा झाली, तरच ती नीट जमली. स्नेअरच्या एकल स्पर्धेतसुद्धा ड्रमर एकटा उभा राहत नाही, सोबत पाइपर घेऊनच येतो. उठाव द्यायला धूनच नसेल, तर त्याचं कौशल्य मोजायचं तरी कशावर?