पाऊणकी

सर्व्हेअर छोटी हातोडी घेऊन बोटीच्या पोटावरून टकटक करत चालला होता आणि मी कान देऊन त्याच्या मागे. आवाज खणखणीत आला की तो पुढे सरके. बद्द आला की थांबे, खडूनं गोल करी आणि ओलावा मोजायचं यंत्र तिथे टेकवी. माझी आई रत्नागिरीच्या बाजारात मडकं घेताना अशीच बोटाच्या पेरानं ते चारी बाजूंनी वाजवून बघायची. तिच्याजवळ यंत्र नव्हतं, पण फुटकं मडकं आमच्या घरी कधी आलं नाही.

मार्च महिना होता, जागा साउथॅम्प्टनजवळची हॅम्बल नदी. बोट दोन रुंद पट्ट्यांत अडकवून क्रेननं पाण्याबाहेर काढली होती. वेस्टर्ली सेंटॉर, 26 फुटी, माझ्याहून वयानं मोठी. हे मॉडेल 1969 साली आलं आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत अशा दोन हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्या. तिच्या तळाला एका खोल कीलऐवजी दोन आखूड कील आहेत. त्यामुळे ओहोटीला पाणी निघून गेलं की ती आडवी न होता चिखलात दोन पायांवर उभी राहते. ज्याला मरीनातली महाग जागा परवडत नाही त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

आपल्याकडे यॉट म्हटलं की पांढरी शुभ्र, तीन मजली, कुणा उद्योगपतीची बोट डोळ्यांसमोर येते. इथे निवृत्त शाळामास्तर, नळदुरुस्ती करणारा, परिचारिका अशा माणसांच्या यॉटी आहेत आणि त्यांतल्या कितीतरी पन्नाशीला पोचल्यात. साठ-सत्तरच्या दशकांत फायबरग्लासमुळे बोटी साच्यातून भराभर निघू लागल्या आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. फायबरग्लास लाकडासारखं कुजत नाही. म्हणून त्या बोटी अजून आहेत, आणि त्या घेणारी माणसं मात्र म्हातारी झाली. मुलांना त्या नको असतात. पाण्यात किंवा यार्डात उभ्या बोटीचं भाडं चालूच राहतं, ते फुटांवर किंवा मीटरांवर मोजलं जातं. मग जाहिरातीतली किंमत दर दोन महिन्यांनी उतरते आणि शेवटी 'फुकट, घेऊन जा' अशी पाटी लागते. तरीही कुणी नेली नाही तर बोट करवतीनं कापतात. हॅम्बलच्या एका यार्डात तसं कापणं चालू असताना मी तिथे होते. आत अजून कपाटं होती, कपाटाला पितळी कडी होती, खिडकीला कुणीतरी हातानं शिवलेला पडदा होता. मला ते पाहवलं नाही.

माझ्या बोटीची मागितलेली किंमत होती साडेसहा हजार पौंड. दलालाचा कागद देखणा होता: इंजिनाचे तास, शिडांची संख्या, खोली दाखवणारं यंत्र, जीपीएस, गॅसची शेगडी. तळातून समुद्राचं पाणी आत-बाहेर नेणारे व्हॉल्व्ह 'नवे, ब्राँझचे' असंही त्यात लिहिलं होतं. सर्व्हेअरनं त्यांतला एक पात्यानं खरवडला. आतला धातू पिवळा दिसायला हवा होता, दिसला गुलाबी. ते साधं पितळ होतं. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याची भुसभुशीत जाळी उरते. एक दिवस ती हातात तुटून येते आणि बोटीच्या तळाला मुठीएवढं भोक पडतं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या याचाही कागद नव्हता. दलालाला मी विचारलं तर तो म्हणाला, मालकानं सांगितलं तेच आम्ही लिहितो. मला राग आला, अजूनही आहे. त्या व्हॉल्व्हवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. तारा आणि व्हॉल्व्ह बदलायचा खर्च वजा करून सौदा चार हजार दोनशेला ठरला.

इंग्लंडमध्ये स्वतःची छोटी बोट हौसेसाठी चालवायला परवाना लागत नाही. हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. स्कूटरला लागतो, बोटीला नाही. तरी मी रॉयल यॉटिंग असोसिएशनचा डे स्किपरचा अभ्यासक्रम केला: हिवाळाभर संध्याकाळचे वर्ग, मग पाच दिवस प्रत्यक्ष पाण्यावर. तिथे भरतीचं गणित शिकवतात. सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासाला पुन्हा एक. मी ते वहीत नीट उतरवून घेतलं आणि त्या रात्री मामाला फोन केला.

मामा जयगडच्या खाडीकाठचा. चौदाव्या वर्षी गलबतावर खलाशी म्हणून चढला आणि तिशीत तांडेल झाला. मंगळुरी कौलं, मीठ, लाकूड घेऊन शिडावर मुंबईपर्यंत जायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हंगाम सुरू, आगोट लागली की गलबत खाडीत ओढून झापांखाली. आई त्याची सख्खी धाकटी बहीण, पण तिला त्या गलबतावर कधी पाय ठेवायला मिळाला नाही. बायकांनी चढायचं नाही, एवढंच तिला सांगितलेलं. मी बोट घेतली हे ऐकून ती रडली. का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

फोनवर मामा म्हणाला, "बारा भाग बरोबर. पण भरती किती वाजता पूर्ण, ते कसं काढतेस?"

"पुस्तक असतं. पोर्ट्समथच्या वेळा छापून येतात."

"आज तिथी कुठली?"

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बघितलं. "चौदस."

"चौदाची पाऊणकी?"

"साडेदहा."

"मग साडेदहाला भरती."

मी पुस्तक उघडलं. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात; तो तास वजा केला तर पोर्ट्समथची भरती होती दहा चाळीसला.

मी बराच वेळ गप्प बसले असणार, कारण मामानं दोनदा "हॅलो" म्हटलं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणजे जवळजवळ पाऊण तास. म्हणून तिथीला पाऊणनं गुणायचं. हे गणित कुठेही लागू पडेल असं मात्र नाही. पौर्णिमा-अमावास्येला ज्या बंदरात भरती बाराच्या सुमारास येते तिथेच ते चालतं. मुंबई-कोकणात ती तेव्हा येते आणि योगायोगानं पोर्ट्समथलाही. हाच हिशेब लंडन ब्रिजला लावला तर दोनेक तासांची चूक होईल. पोर्ट्समथलाही काही तिथींना तो तासभर हुकतो, म्हणून मी पुस्तक टाकलेलं नाही. पण शाळेत ज्यांच्या नावानं मार खाल्ला त्या पावकी-निमकी-पाऊणकीतली एक इंग्लिश खाडीत कामाला येते, याचं मला त्या रात्री फार अप्रूप वाटलं. साउथॅम्प्टनला भरतीचं पाणी दोनदा चढतं, मधे थोडं ओसरून पुन्हा वर येतं, हे मी सांगितलं तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "मग माल उतरवायला बरं." हे बंदर मोठं झालं त्यामागे खरोखरच तेही एक कारण आहे.

पुढच्या जूनमध्ये तो महिनाभर माझ्याकडे आला. सत्त्याहत्तर वर्षांचा. कोकणात गलबतं काठावर येतात नेमक्या त्याच महिन्यांत इथली शिडं उघडतात. "उलटा मुलूख," मामा म्हणाला. तारेच्या आधारावर हात ठेवून तो बोटीवर चढला, आधी पूर्ण फिरून आला, मग खाली वाकून नवे व्हॉल्व्ह एकेक करून उघडले, बंद केले. यंत्रांकडे त्यानं आदरानं बघितलं, हात लावला नाही. शीड चढवल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. त्याच्या गलबताचं शीड तिरक्या परबाणाला, म्हणजे लांब वाशाला, बांधलेलं. वळताना अख्खं परबाण डोलकाठीच्या या बाजूकडून त्या बाजूला न्यायला सहा-सात माणसं लागत. इथे मी एकटीनं सुकाणूचा दांडा लोटला, शिडाचं दामण सोडलं, दुसरीकडचं ओढलं, झालं. "एवढंच?" तो म्हणाला आणि मला पुन्हा वळायला लावलं. मग पुन्हा.

त्या दिवशीही चौदसच होती. आम्ही वाइट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या न्यूटाउन खाडीकडे निघालो. मला ही जागा फार आवडते. आज तिथे पक्षी आणि चिखल आहे, पण एके काळी मिठागरं होती. मामाला ती दाखवायची म्हणून मी घाई केली आणि भरती उलटून तीन तास झाल्यावर आत शिरले. ओहोटीत अनोळखी खाडीत शिरू नये हे पहिल्या धड्यातच शिकवतात. यंत्र पाच फूट दाखवत होतं, मग चार. बोटीला तीन लागतात. मी यंत्राकडे बघत होते, मामा पाण्याकडे. "बाय, रंग बदलला," तो म्हणाला, आणि मी दांडा फिरवेपर्यंत दोन्ही कील मऊ चिखलात बसले. दुपारचे अडीच वाजले होते. ज्या उंचीवर टेकलो त्या उंचीला पाणी परत यायला रात्रीचे साडेआठ-नऊ होणार होते.

मामा रागावला नाही. त्यानं नांगर छोट्या होडीत ठेवायला लावला, मी वल्हवत तो खोल पाण्याच्या बाजूला नेऊन टाकला, म्हणजे पाणी चढताना बोट आणखी आत ढकलली जाणार नाही. मग म्हणाला, "आता भात लाव."

ते सहा तास मला आयुष्यातल्या कुठल्याही सहा तासांपेक्षा जास्त लख्ख आठवतात. पाणी गेलं, चिखल उघडा पडला, लांब चोचीचे पक्षी उतरले. बोट दोन पायांवर सरळ उभी. मामानं माझे सगळे दोर पुढ्यात घेतले. टोकं सुटून पिंजारली होती. मी ती लायटरनं वितळवून ठेवायची. त्यानं मेणलेला दोरा मागितला आणि एकेक टोक घट्ट गुंडाळून, दोरा पेडांमधून ओवून बंद केलं. त्याचा हात अंधारात काम केलेला हात होता. डोळे खाडीकडे असताना बोटं चालू होती. गलबतावर पाण्याची खोली वावांत मोजत. दोरीला बांधलेल्या शिशाच्या बुडाला साबण चोपडत, म्हणजे तळाची रेती किंवा चिखल त्याला चिकटून वर येई. रात्री किनारा दिसत नसला तरी तो चिखल बघून, बोटांत चोळून, आपण कुठल्या खाडीसमोर आहोत हे तांडेल सांगे. माझ्या नकाशावरही खोलीच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत तळ लिहिलेला असतो: चिखल, रेती, शिंपले. ती अक्षरं तोवर मी कधी वाचलीच नव्हती.

"तुझ्या गलबताचं काय झालं?" मी विचारलं.

"ट्रक आले. कौलं रस्त्यानं जायला लागली. मालकानं दोन हंगाम खाडीतच ठेवलं. गलबत उभं ठेवलं की मरतं. फळ्या सुकल्या, सांधे उघडले. मग लाकूड विकलं. खिळे वजनावर."

मी त्याला सुहैलीची गोष्ट सांगितली. साठच्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत सागवानाची 32 फुटी बोट बांधून घेतली, आपल्याच सुतारांच्या हातून. 14 जून 1968 ला ते तिच्यातून इंग्लंडहून एकटे निघाले आणि 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, कुठेही न थांबता पृथ्वी फिरून परत आले. तोवर हे कुणीच केलं नव्हतं. पुढे तिला मानानं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं. तिथल्या कोरड्या, राखलेल्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. तेव्हा 2002 साली त्यांनी तिला तिथून बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि पुन्हा पाण्यात नेलं. आपले दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या म्हादेईतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्यांनाही याच माणसानं वाट दाखवली होती. मामानं हे सगळं ऐकलं, पण त्याचं मन पहिल्या भागातच अडकलं होतं. "मुंबईत कुठे बांधली?" कुलाब्यात, मी म्हटलं. "सागवान," तो स्वतःशीच म्हणाला, आणि दोराचं पुढचं टोक हातात घेतलं.

साडेपाचला पाणी सगळ्यात खाली होतं. मग खाडीच्या मधल्या चरातून ते परत येऊ लागलं, आधी आवाज न करता, मग कडेच्या गवतात शिरताना सुस्कारा टाकत. मी यंत्र चालू केलं. दोन फूट. अडीच. मामा केबिनमध्ये आडवा झाला होता, उघडा तळवा जमिनीवर टेकवून. मला वाटलं झोपला. नऊ वाजायला आले होते आणि पश्चिमेला अजून उजेड होता. मी चहा केला, एक कप त्याच्या उशाशी ठेवला.

"उठली," मामा डोळे न उघडता म्हणाला.

मी यंत्राकडे बघितलं. आकडा हलला नव्हता. तारा गप्प, डोलकाठी स्थिर. मग त्याच्या कपातला चहा अगदी थोडा एका कडेला कलला आणि परत आला.

"बाय, नांगर घे."