जांभळा पट्टा

पंचपरमेष्ठींच्या ध्वजातील पाच रंग जैन घरातील मुलाला पाठशाळेतच तोंडपाठ होतात. सिद्धांचा लाल, आचार्यांचा पिवळा, अरिहंतांचा पांढरा, उपाध्यायांचा हिरवा आणि साधूंचा काळा अथवा गडद निळा. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७४-७५ मध्ये, हा ध्वज सर्व संप्रदायांनी आपला मानला. जयसिंगपुरातील एका फलक-मुद्रकाने हे पाच रंग शेकडो वेळा छापले असतील. सहावा रंग मात्र त्यांच्या हातून एकदाच छापला गेला, आणि तो अजून त्यांच्या मनातून गेलेला नाही.

महावीर जयंतीच्या शोभायात्रेसाठी मंदिराच्या कमानीवर वीस फुटी फलक लावायचा होता. फलक रात्री उशिरा यंत्रावरून उतरला. दुकानातील ट्यूबलाइटखाली तो उत्तम दिसत होता. पहाटे पोरांनी तो कमानीवर ताणून बांधला. ऊन वर आले तसे लोक थबकून पाहू लागले, पण बोलले कोणी नाही. ऐंशीच्या घरातील एक आजी पूजेचे ताट घेऊन आल्या, मान वर करून क्षणभर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सहज विचारले, "अरे, हा जांभळा पट्टा कोणत्या परमेष्ठींचा रे?"

प्रश्नात उपहास नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. साधूंचा गडद निळा पट्टा खरोखरच वांग्यासारखा जांभळा दिसत होता. मुद्रकाने ओळखीच्या कापडदुकानाचे दार उघडायला लावून गडद निळे कापड आणले आणि शिडीवर चढून पट्ट्यावर टाचले. शोभायात्रा निघाली. त्या फलकाचे बिल त्यांनी केले नाही.

त्यांचे वडील पाट्या रंगवणारे होते. डब्यातील रंग ओला असताना ते त्यावर कधी विश्वास ठेवत नसत. पत्र्याच्या तुकड्यावर बोटभर रंग ओढायचा, तो वाळू द्यायचा, मग रस्त्यावर उन्हात नेऊन नमुन्याशेजारी धरायचा. लहानपणी मुलाला हा वेळेचा अपव्यय वाटे. वस्तुतः मोठ्या छपाईयंत्रावर नेमका रंग मिळवण्याच्या विद्येतील निम्मा भाग त्या पत्र्याच्या तुकड्यात होता. इको-सॉल्व्हंट शाई यंत्रातून उतरताना एक दिसते आणि पूर्ण वाळल्यावर दुसरीच. दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात वेगळे पडतात. म्हणूनच रंग तपासण्यासाठी छपाईच्या जगात ५००० केल्विनचा, दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता प्रकाश प्रमाण मानला जातो. 'स्यात्' हा पाठशाळेतील शब्द त्यांना या निमित्ताने आठवला. मात्र अनेकांताचा आधार घेऊन बिघडलेल्या छपाईचे समर्थन करता येत नाही, हेही त्यांना कळत होते.

प्रथम त्यांनी सर्वांसारखेच केले. संगणकावर फाइल उघडून लालसर छटा थोडी कमी केली, पुन्हा छापले, पुन्हा कमी केली. निळा सुधारला, तर हिरवा बिघडला. या धंद्यात बहुतेकांचे आयुष्य अशा डागडुजीत जाते आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. पण यंत्र बिचारे सांगितल्याप्रमाणे थेंब टाकत असते. कोणत्या माध्यमावर, किती तापमानाला, किती थेंब टाकले म्हणजे कोणता रंग उमटतो, ही माहिती 'प्रोफाइल' नावाच्या तक्त्यात असते, आणि तो तक्ता ठरावीक शाई व ठरावीक माध्यम धरूनच तयार केलेला असतो. त्यातील काहीही बदलले की तक्ता खोटा ठरतो.

येथे त्यांना थांबावे लागले. कारण बदल त्यांनी स्वतःच केला होता. दोन वर्षांपूर्वी, कर्जाच्या हप्त्यांची ओढाताण असताना, त्यांनी यंत्रासाठी नेमून दिलेली शाई सोडून स्वस्त शाई भरण्यास प्रारंभ केला होता. तिच्यातील मॅजेंटा अधिक तीव्र होता. दरपत्रकावर मात्र 'मूळ शाई' हे शब्द तसेच राहिले. कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन थेट दुकानदारासाठीच असावेत असे वाटते: हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात कमी-जास्त करणे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून हलका माल देणे. पाठशाळेत त्यांनी हे शब्द अर्थ न कळता घोकले होते. भेसळ म्हटले की दूध, तूप, सोने डोळ्यांसमोर येते. शाईच्या बाटलीचा विचार कोण करतो? त्या रात्री त्यांनी पत्नीला सर्व सांगितले. तिने एवढेच विचारले, "मग दरपत्रक बदलायचे की शाई?"

शाई बदलली. जुन्या शाईचे अवशेष नळ्यांमधून धुऊन काढले, हेड स्वच्छ केले, नोझलची चाचणी घेतली. एकही बारीक रेघ तुटलेली असेल, तर पुढचे सारे मोजमाप व्यर्थ जाते. मग कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडून स्पेक्ट्रोफोटोमीटर दोन दिवसांच्या भाड्याने आणला. हे तळहातात मावणारे उपकरण रंगावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजते आणि त्याचे आकडे सांगते. आधी प्रत्येक शाईची मर्यादा ठरवली, कारण अधिक शाई ओतल्याने रंग गडद होतोच असे नाही. एका टप्प्यानंतर ती केवळ साचते आणि ओघळते. मग हलक्यापासून गडदापर्यंतच्या पायऱ्या समान केल्या. चार शाया एकत्र आल्यावर एकूण किती भार माध्यमाला पेलतो, ते पाहिले. त्यानंतर शेकडो लहान चौकोनांचा तक्ता छापून तो रात्रभर वाळत ठेवला.

सकाळी मुलगा चौकोन मोजत गेला आणि वडील आकडे पाहत बसले. प्रमाण रंग आणि छापलेला रंग यांच्यातील अंतर 'डेल्टा ई' या आकड्याने सांगतात. ते एकाच्या आसपास असेल, तर डोळ्याला जेमतेम जाणवते. जपून ठेवलेल्या त्या जांभळ्या पट्ट्याचा तुकडाही त्यांनी उपकरणाखाली धरला. अंतर दोन आकडी निघाले. आजींच्या डोळ्यांना उपकरणाची गरज पडली नव्हती.

दोष सगळा शाईचाही नव्हता. फाइलमध्ये निळा आणि मॅजेंटा दोन्ही शंभर टक्के टाकले होते. अशा मिश्रणाला जांभळ्याची ओढ असतेच. गडद निळा हवा असेल, तर मॅजेंटा सुमारे तीस टक्क्यांनी मागे ठेवावा लागतो. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा झळझळीत निळा चार शायांतून उमटत नाही. केशरी आणि पोपटी यांचेही तसेच. आता ते ग्राहकाला आधीच नमुन्याची पट्टी दाखवतात आणि सांगतात, "हा केशरी एवढाच येईल." माध्यमाचा नवा रोल लावला की त्याचे वेगळे प्रोफाइल, आणि पट्टीच्या मागे तारीख. दर चौरस फुटामागे थोडा वाढला. काही ग्राहक समोरच्या गल्लीत गेले, त्यातील काही परतले नाहीत. हप्ते अजून चालूच आहेत.

पुढच्या चैत्रात समितीने पुन्हा त्यांनाच बोलावले. या वेळी फलक दोन दिवस आधी छापला, वाळवला आणि भर दुपारी गच्चीवर पसरून खऱ्या ध्वजाशेजारी पाहिला. निळा निळाच होता. अरिहंतांच्या पट्ट्याला तर यंत्र हातच लावत नाही. या यंत्रात पांढरी शाई नसते, तेथे शाईविना राहिलेले माध्यम हाच पांढरा रंग.

जयंतीच्या सकाळी आजी आल्या. पट्ट्यांवरून त्यांची नजर सावकाश खाली उतरली, मग पुन्हा मध्यभागी गेली.

"सगळे छान झाले रे. पण हा पांढरा थोडा निळसर नाही वाटत?"

वाटत होता. माध्यम अधिक शुभ्र दिसावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य उन्हात असे निळसर चमकते. मुद्रकाने हात जोडले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरे माध्यम आणून पाहतो, आजी."