भावोजींची नोकरी

मैत्रिणींनो, आमच्या आंजर्ल्यात कोणाच्या घरी आज काय शिजलं हे जोग नदीच्या पलीकडेही कळतं. तेव्हा माझे धाकटे दीर पावणेदोन वर्षं तुरुंगात होते, ही गोष्ट झाकून राहणार नव्हतीच. तरीही मी ती झाकायला गेले. त्याचा भुर्दंड भावोजींना पडला, म्हणून हे लिहिते आहे.

भांडण झालं ते गडग्यावरून. कोकणातल्या बायकांना यावर वेगळं सांगायला नको. शेजाऱ्यानं गडगा हातभर पुढं घेतला, बोलाचाली झाली आणि भावोजींच्या हातातली काठी त्याच्या डोक्यात बसली. माणूस वाचला, पण महिनाभर दवाखान्यात होता. गडगा कोणाचा, हे मी इथं उगाळत नाही. काठी आमच्या घरातली होती. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा आवरायला हे एकटेच. सासूबाई मात्र पडलेल्या झाडांचं काही बोलल्या नाहीत. "त्याला तिथं कळलं असेल का गं?" एवढंच विचारत राहिल्या.

२०२१मध्ये भावोजी सुटून आले. हातात विद्या एकच, गाडी चालवण्याची. आधीही ते टेम्पोवरच होते. एका मालकाला ड्रायव्हर हवा असल्याचं कळलं. "मधली दोन वर्षं कुठं होतास?" हा प्रश्न येणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, "भावोजी, मुंबईला चुलत्यांकडे होतो असं सांगा."

"वहिनी, कळेल हो त्यांना."

"कळेल तेव्हा बघू."

आणि ही मी, रोज अर्धा दिवस शाळेत मुलांना 'खरे बोलावे' शिकवणारी!

दोन महिन्यांत मालकाला कळलं. त्यांनी भावोजींना काढलं. मी तावातावानं भांडायला गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुरुंगाचं मी नंतर बघितलं असतं. पण गाडीत दुसऱ्याचा माल असतो, रात्रीचा प्रवास असतो. पहिल्याच दिवशी खोटं बोललेल्या माणसाच्या हातात किल्ली कशी देऊ?" मला उत्तर सुचलं नाही. खोटं माझं होतं, हेही तिथं सांगवलं नाही. घरी येऊन भावोजींना मात्र सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे वहिनी," आणि तसेच उठून आगरात शिंपणं करायला गेले.

मग मी माझ्या एका विद्यार्थिनीच्या वकील वडिलांकडे जाऊन कायदा समजून घेतला. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. शिक्षा झाली म्हणजे लायसन गेलं, असं आपण धरून चालतो. तसं नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात लायसन काढून घेण्याची कारणं दिली आहेत : सराईत गुन्हेगार किंवा सराईत दारुडा असणं, नशेचं व्यसन, गाडी वापरून दखलपात्र गुन्हा करणं, अशी. त्यातही आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. एकदा झालेली मारामारी, तीही गाडीशी संबंध नसलेली, यात आपोआप बसत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हलक्या वाहनाच्या लायसनवर एकूण ७५०० किलोपर्यंतची मालाची गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. मोठ्या ट्रकला मात्र वेगळं लायसन लागतं.

सरकारी नोकरीचं निराळं. तिथं चारित्र्य पडताळणी होते आणि अर्जातच शिक्षेचा रकाना असतो. २०१६च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की माहिती दडवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं. खरं लिहिलं तरी नोकरी मिळेलच असं नाही, पण खोटं लिहून मिळालेली टिकेल याचा भरवसा नाही. हे ऐकताना मला तो टेम्पोमालकच आठवला.

विश्वास टाकण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९मध्ये सुरू केलेली ती कैद्यांची खुली वसाहत. तिथं कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. शांतारामबापूंचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला.

पुढच्या आंब्याच्या हंगामात आम्ही दोघं एका बागायतदार बाईंकडे गेलो. त्या पडवीत पेंढा पसरून आंबे निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच भावोजी म्हणाले, "काकू, मी तुरुंगात होतो. काठी मीच मारली होती. गाडी चालवता येते, काम हवं आहे."

काकूंनी हातातला आंबा खाली ठेवला. बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हा हंगाम क्लीनर म्हणून चल. पुढचं पुढं."

हंगामभर भावोजींनी पेट्या चढवल्या, ताडपत्री बांधली, रात्र रात्र ड्रायव्हरशेजारी जागून काढली. दुसऱ्या वर्षी स्टिअरिंग हातात आलं. आता मंडणगडमार्गे वाशीच्या बाजारापर्यंत माल तेच नेतात.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. एकदा वाशीला दोन पेट्या कमी भरल्या, तर पहिला फोन भावोजींनाच आला. मोजणीतली चूक होती, सकाळी उमगली. भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. लग्नाचं जुळत नाही. शेजारी अजून बोलत नाही. एसटीच्या भरतीची जाहिरात आली की ते वाचतात आणि घडी घालून ठेवतात.

तुमच्या घरात असा कोणी असेल, तर त्याच्यासाठी गोष्ट रचू नका. काम मागायला जाताना शक्य तर बरोबर जा आणि त्याचं त्याला सांगू द्या. आणि तुमच्या दारी असा कोणी आला, तर निदान क्लीनरच्या जागेपुरता विचार करा.

वाशीहून गाडी परतते ती पहाटे कधीतरी. हॉर्न ऐकू आला की सासूबाई अंथरुणातूनच विचारतात, "आला का गं?" मी चहाचं आधण ठेवते.